दार लावून घेतलेली मुलाखत

सरुबाईंनी आज शेगडी पेटवली असेल का, हा प्रश्न पूर्णिमाच्या डोक्यातून जाता जात नव्हता. सकाळी कुकरची शिट्टी झाली की तो यायचा. ऑफिसात खिडकीपलीकडून कोणी फॉर्म पुढे सरकवला की यायचा. शनिवारवाड्यापाशी रस्ता ओलांडताना एकदा असा आला की रिक्षावाला ओरडला, "मावशी, विचार घरी जाऊन करा!"

सरुबाईंना तिने कधी पाहिलंही नव्हतं. अकोटकडच्या एका खेड्यातून आलेली, धायरीत मुलाकडे राहणारी बहात्तर वर्षांची बाई, एवढंच तिला माहीत. पण तो आवाज तिला पाठ होता. बोलता बोलता सरुबाई कुठे थांबतात, चहाचा घोट घेतल्यावर "हां, त मंग" म्हणून पुन्हा कशी सुरुवात करतात, खोकला आला की आधी पदर तोंडाशी नेतात आणि आवाज कसा कापडामागे जातो, सगळं. दोन तास अकरा मिनिटं ती हा आवाज ऐकत बसली होती, एकदा नव्हे, तीन-चारदा. आणि सरुबाईंना मात्र पूर्णिमा नावाची कोणी बाई जगात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

हे सगळं आम्रपालीमुळे. आम्रपाली, घरात आमू, ही पूर्णिमाची एकुलती एक मुलगी. इतिहासात एम.ए. करून दोन वर्षं पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. संस्थेचा बेल्जियममधल्या एका विद्यापीठाबरोबर मिळून प्रकल्प चालला होता: मुलाच्या मागे शहरात येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी. तिकडे मोरोक्कोहून, तुर्कस्तानातून आलेल्या आज्या, इकडे विदर्भातून पुण्यात आलेल्या. दोन्हीकडे तेच तीस प्रश्न, त्याच पद्धतीच्या मुलाखती.

"तिकडच्या आज्या आणि आपल्या आज्या एका टेबलावर येणार, बाबा," आमू म्हणायची.

"टेबलावर कशाला? खाली मांडी घालून बसू दे की बिचाऱ्यांना," संतोष म्हणायचा. तो पाटबंधारे खात्यात, खडकवासल्याला. धरणातलं पाणी मोजायचं आणि घरातल्यांच्या बोलण्यातली हवा काढायची, ही दोन कामं तो तीस वर्षं नेमाने करत आला होता.

सप्टेंबरात आमू सहा महिन्यांसाठी बेल्जियमला जाणार होती. पत्र आलं होतं, व्हिसाचे कागद लागले होते. पूर्णिमाने जूनमध्येच मोठी बॅग कपाटावरून काढून पुसून ठेवली होती. तिच्या माहेरी किंवा सासरी आजवर कोणी विमानात बसलं नव्हतं. तिच्या वडिलांना तालुक्याच्या कॉलेजात पोर घालायची म्हणून गावाशी भांडण घ्यावं लागलं होतं. त्यामुळे पूर्णिमा येता-जाता ती बॅग नुसती बघत राहायची.

प्रकल्पाचे नियम कडक होते. रेकॉर्डिंग ज्याने केलं त्यानेच ऐकायचं, त्यानेच लिहून काढायचं. शेवटी एका फॉर्मवर सही करायची की हे दुसऱ्या कोणीही ऐकलेलं नाही. आमूने सही केली होती. पण आमूचा जन्म पुण्यातला. तिने सरुबाईंच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, आजी शाळेच्या खिचडीत वरून सांबार टाकायच्या. पूर्णिमा चहा ठेवायला आली आणि पडद्यावर ते वाचून खो-खो हसली.

"अगं, सांबार म्हणजे कोथिंबीर आमच्याकडे. शंभर पोरांच्या खिचडीत इडलीचं सांबार कोण ओतेल?"

"अरे देवा. मग हे गंज म्हणजे काय? लोखंडाचा गंज?"

"पातेलं, बाई. मोठं पातेलं."

आमूने इअरफोन काढले आणि आईच्या कानात घातले. "फार नाही आई, मी अडते तेवढंच सांग."

तेवढंच करता करता सगळंच झालं. पूर्णिमा अमरावतीकडची, बी.ए. झालेली, मराठी टायपिंगचा हात ऑफिसामुळे बसलेला. संध्याकाळी भाजी निवडून झाली की ती कसब्यातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची खिडकी लावून घ्यायची, कारण खालच्या गल्लीत कोणी ना कोणी काही ना काही ठोकतच असायचं, आणि सरुबाईंना ऐकायला बसायची. 'दुसरं कोणी' यात आई येते, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

सरुबाईंचं आयुष्य तसं दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं. नवरा लवकर गेला. कापूस वेचून मुलगा वाढवला. मग गावच्या शाळेत खिचडी शिजवण्याचं काम लागलं आणि ते चौदा वर्षं केलं. पण त्या खिचडीवर आल्या की दोन वाक्यं पुरायची नाहीत.

"एकशे वीस पोट्टे, बाई. टिनाचं छप्पर, उन्हाळ्यात वरून ऊन, खालून जाळ. पण मी कधी चाखून पाह्यलं नाई. पोरायच्या आधी आपन कायले तोंड लावाचं? वास घेतला का मले समजे, मीठ कमी हाय का जास्त. मास्तर म्हने, सरुबाई, तुमच्या नाकाले पेन्शन द्या लागते."

इथे त्या हसायच्या, मग खोकला, मग कापड, मग चहाचा घोट.

सात वर्षांपूर्वी मुलगा संभाजी त्यांना पुण्यात घेऊन आला. तो नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, सून राधा जवळच्याच पॅकिंगच्या कारखान्यात. दोन खोल्या, पुढे गॅलरी. घरातला स्वयंपाक सरुबाईंनी आनंदाने अंगावर घेतला. मग कोरोना आला. त्या बऱ्या झाल्या, पण नाकाचा वास गेला तो गेलाच. कोणाला बोलल्या नाहीत. एक दिवस दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस चालूच राहिला, आणि सरुबाई शेजारी बसून वांगी चिरत होत्या. राधा कामावरून आली, दार उघडलं आणि किंचाळली. त्या दिवसापासून गॅसला हात लावायचा नाही, असं ठरलं. राधा जाताना रेग्युलेटर बंद करून जायची.

"म्हातारीचं डोकं चालत नाई, म्हनते राधा. म्हनू दे. डोकं गेलं म्हनलं त चालते. सगळ्यायचंच जाते. पन नाक गेलं म्हनलं त मंग मी सैपाकाची नाईच उरली न. तिनं चूल बंद केली ते बरोबरच केलं, मी तिच्या जागी असती त मी बी केलं असतं. मायेची हाय ती. डोक्याले तेल लावून देते आइतवारी. पन नाकाचं राधाले सांगू नको हो, पोरी."

मग आमूचा आवाज: "नाही सांगणार, आजी." आणि लगेच, कारण तीस प्रश्न दोन तासांत संपवायचे होते, "शहरात आल्यावर तुमच्या सणांमध्ये काय बदल झाला?"

हे वाक्य पूर्णिमाने टाइप केलं तेव्हा ती जरा थांबली होती. पण राधा रेग्युलेटर बंद करून जाते म्हटल्यावर पुढे गेली.

घोटाळा झाला तो दारामुळे.

आमू पहिल्यांदा गेली तेव्हा नेहमीसारखं झालं. सरुबाई, राधा, शेजारच्या दोघी, सगळ्या बसल्या. प्रश्न सरुबाईंना, उत्तरं राधाची, दुरुस्त्या शेजारणींच्या. सरुबाई आपल्या "सगळं चांगलं हाय बाप्पा" एवढंच म्हणत होत्या. त्या भेटीबद्दल आमूने लिहिलेलं वाचून बेल्जियमच्या लीस्बेटने नम्रपणे कळवलं की पद्धतीत लिहिल्याप्रमाणे मुलाखत एकटीची, बंद खोलीत, घरचं कोणी नसताना झाली पाहिजे.

लीस्बेट त्या प्रकल्पाची तिकडची प्रमुख. जानेवारीत पुण्यात आली होती तेव्हा घरी जेवून गेली होती. पूर्णिमाला ती आवडली होती. ती वरणफळं खाताना सारखी विचारत होती, "तुमची आई बसत का नाही?" बंद खोलीचा नियम तिने उगीच केला नव्हता. तिकडे आज्यांना विचारलं की मुलगेच उत्तरं देत. दार लावलं तेव्हा कुठे त्या आज्या बोलू लागल्या. आणि खरं सांगायचं तर सरुबाईही दार लावल्यावरच बोलल्या.

पण तिकडे आजीला तिची खोली असते. धायरीत खोल्या दोन, त्यातली एक संभाजी रात्रपाळी करून आलेला म्हणून झोपलेला. राधाला सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घराबाहेर, गॅलरीत, दोन तास उभं राहावं लागलं. जिना चढणारी प्रत्येक बाई विचारत होती.

"काय गं राधा, बाहेर काढलं काय?"

"सासूबाईंची मुलाखत चाललीय आत."

"दार लावून? मग तुझाच पाढा वाचला जात असणार!"

दार उघडल्यावर राधाने हसत हसतच आमूला विचारलं होतं, "काय मग ताई, काय काय सांगितलं आमच्याबद्दल?"

त्या वेळी आमूने नुसतं 'खिचडीचं सांगत होत्या हो' म्हटलं असतं तरी सगळं तिथंच मिटलं असतं. पण आमू नियम पाळणारी मुलगी. ती म्हणाली, "सॉरी वहिनी, सांगता येत नाही. गोपनीय असतं ते."

गोपनीय! राधाने तो शब्द बँकेत आणि कोर्टाच्या कागदावर वाचला होता. सासूच्या तोंडी असं काय असेल जे गोपनीय असावं? चुलीचंच असणार. आठ दिवस तिने सरुबाईंना विचारलं. त्याही काही सांगेनात, कारण सांगायला गेलं तर नाकाशी येऊन थांबणार. सुनेने तोंड फिरवलं. रविवारचं तेल बंद झालं.

तिसऱ्यांदा आमू लिखाणावर सरुबाईंची सही घ्यायला गेली आणि परत आली तेव्हा चपला काढता काढता म्हणाली, "आई, एक चांगलं झालं, एक वाईट. राधावहिनी फार चिडल्यात. पण आजींना त्यांची शेगडी मिळाली."

"कसली शेगडी?"

"छोटी, एका बर्नरची. खाली छोटा सिलिंडर. पुढच्या खोलीत, कोपऱ्यात. वहिनी मला म्हणाल्या, 'घ्या, तुमच्या रेकॉर्डिंगचा प्रसाद. मी चूल देत नाही ना? दिली. आता त्यांनी त्यांचं करावं, आम्ही आमचं.' दादांची आता दिवसपाळी, दहाला वहिनीही जातात, मग अकराला आजी आपला भात टाकतात. मला म्हणाल्या, बस, खाऊन जा."

पूर्णिमा ताट पुसत होती. "आमू, त्यांना वास येत नाही."

आमूने वर पाहिलं. हे तिला माहीत होतं, तिच्याच कानांनी तिने ते ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि पाहिलेलं अजून एकमेकांशेजारी येऊन बसलं नव्हतं. ते आता बसलं. ती चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आणि आता रेग्युलेटर बंद करून जाणारं कोणी नाही," पूर्णिमा म्हणाली. "राधाला वाटतं, डोकं थोडं विसरतं. ज्याला वास येतो तो विसरला तरी पाच मिनिटांत त्याला कळतं. गॅसला मुळात वास नसतोच गं, माणसाला कळावं म्हणून मुद्दाम घालतात. यांच्यासाठी तो घातलाच नाही असं समज."

दुसऱ्या दिवशी आमू धायरीला गेली. राधाने दार अर्धंच उघडलं. "पुन्हा कुजबुज नको ताई, हात जोडते," म्हणाली आणि दार लावलं. त्याच दुपारी तिने संस्थेत फोन करून सांगितलं की तुमच्या लोकांनी आमच्या घरात भांडण लावलं. संस्थेच्या ऋचा मॅडमनी आमूला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "लेखी तक्रार आली तर प्रकल्प थांबतो. मी लीस्बेटला कळवलंय. नियम बघणाऱ्या तिकडच्या समितीचं उत्तर येईपर्यंत त्या घराशी काहीही संपर्क नको. भेट नाही, फोन नाही. सप्टेंबर लक्षात आहे ना?"

आमूने नाकाचं आणि शेगडीचं ऋचा मॅडमना सांगितलं, लीस्बेटलाही लिहिलं. लीस्बेटचं उत्तर त्याच दिवशी आलं. मायेने लिहिलेलं होतं. जीवाला तात्काळ धोका असेल तर गुप्तता मोडता येते, असं नियमात आहे. पण धोका तात्काळ आहे का? आणि ज्योत विझली की शेगडी आपोआप बंद होते ना?

ते वाचून संतोष म्हणाला, "त्यांच्याकडे शेगडीसुद्धा समिती नेमून चालते वाटतं."

"थट्टा नको हो," पूर्णिमा म्हणाली.

"थट्टा नाही. तिला माहीत नाही तर तिने विचारलं. तुमच्या आमूने तरी तिला दोन खोल्या म्हणजे केवढ्या, हे कधी सांगितलं होतं? गॅस गळला की वाजणारा भोंगा मिळतो बाजारात. पाठव एक."

"कोणाच्या नावाने?"

"न पाहिलेल्या बाईला, न मागितलेला भोंगा, न सांगता येणाऱ्या कारणासाठी." त्याने मान हलवली. "नाही, ते काही जमायचं नाही."

पुढचे दिवस पूर्णिमाने कसे काढले, तिचं तिला माहीत. ती महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसायची. धायरीचे कागद तिच्या खिडकीवर येतच नाहीत, हे पक्कं माहीत असून ती प्रत्येक फॉर्मचा पत्ता आधी बघायची, मग वय, मग कारण. एकदा 'स्त्री, ७२' असं दिसलं आणि तिने पेन खाली ठेवलं. बाई येरवड्याची होती, हृदयविकाराने गेलेली. समोर उभा असलेला तिचा मुलगा म्हणाला, "काही चुकलंय का मॅडम?" पूर्णिमा म्हणाली, "नाही, आपण बसा जरा," आणि मग तिला त्या मुलासमोर लाज वाटली, कारण क्षणभर तिला बरं वाटलं होतं.

बुधवारी तिने अर्धी रजा टाकली आणि धायरीच्या बसमध्ये बसली. काय करणार होती, ठरलं नव्हतं. फाट्यावर उतरून आत चालत गेली. इमारतीमागून इमारती, प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे, प्रत्येक मजल्यावर दोन-दोन खोल्यांची घरं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला घर माहीतच नाही. नावं, पत्ते, गल्ल्या, सगळं लिखाणातून काढून टाकायचा नियम होता आणि ते काढायचं काम तिनेच केलं होतं. संभाजीच्या जागी 'मुलगा', धायरीच्या जागी 'उपनगर'. आता त्या उपनगरात ती एका खोकल्याचा आवाज शोधत उभी होती. एका किराणा दुकानदाराने विचारलं, "कोनाकडं जायचं हाय, ताई?"

"अकोटकडच्या एक आजी राहतात इथे. सरुबाई."

"आडनाव?"

ते तिला माहीत होतं. जिभेवर आलं होतं. पण राधाच्या दारात जाऊन ती कोण म्हणून उभी राहणार होती? मुलाखतवालीची आई? मग हे तुम्हाला कसं कळलं, हा पहिलाच प्रश्न. त्याचं उत्तर दिलं की आमूची सही खोटी ठरते. "राहू द्या, चुकले वाटतं मी," असं म्हणून ती बसस्टॉपवर परत आली.

त्या संध्याकाळी आमू लॅपटॉप उघडून बसली होती. प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात एक रकाना भरायचा होता: या संयुक्त कामातून आपण काय शिकलो. रकाना कोराच होता. पूर्णिमाने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "जरा दमाने घे गं. सप्टेंबर तोंडावर आलाय. उद्या-परवा येईल त्यांचं उत्तर."

आमूने लॅपटॉप बाजूला सरकवला आणि जेवायला बसली.

गुरुवारी उत्तर आलं. समितीची पुढची बैठक अठ्ठावीस तारखेला आहे, तेव्हा विषय घेऊ. अठ्ठावीस म्हणजे अजून अठरा दिवस.

"अठरा दिवस?" पूर्णिमाचा आवाज चढला. "तू लिहिलं नाहीस का, सिलिंडर खोलीत आहे म्हणून? आपोआप बंद होत नाही म्हणून?"

"लिहिलं."

"मग?"

 आमूने लॅपटॉप आईकडे वळवला. लीस्बेटने विचारलं होतं, धोका तात्काळ आहे का. त्याखाली आमूचं उत्तर होतं, काल रात्री साडेदहाचं. बऱ्याच ओळी होत्या, सिलिंडर, शेगडी, सगळं होतं. आणि शेवटी एक वाक्य: धोका आहे, पण तात्काळ आहे असं म्हणता येणार नाही.

"का लिहिलंस असं?"

"कारण तात्काळ म्हटलं की ते आजच्या आज रेकॉर्डिंग मागवतात, आई. कोणी ऐकलं, कोणी लिहिलं, सगळं तपासतात. त्या फाइलवर प्रत्येक बदल कोणाच्या लॉगिनवरून झाला ते दिसतं. तुझ्या लॉगिनवरून झालेत सगळे." आमूने डोळे पुसले. "आणि तूच म्हणालीस ना, दमाने घे, सप्टेंबर तोंडावर आलाय."

पूर्णिमा खुर्चीत बसली. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. आमूला खोटं बोलायला तिने कधी शिकवलं नव्हतं. आजही ते वाक्य तसं खोटं नव्हतंच. पाच वर्षं नाक नाही आणि काही झालं नाही, तेव्हा 'तात्काळ' कशाला म्हणायचं? असं कोणीही म्हणेल. पण त्या वाक्याला आमूने हात लावला तेव्हा पाठीवर आईचा हात होता.

"चूक त्यांच्या नियमाची नाही," पूर्णिमा म्हणाली. "सरुबाईंनी सांगितलं ते दार लावलं म्हणून सांगितलं. पण ऐकून घेतलं की झालं, असं त्यांनाही वाटलं आणि आपल्यालाही. ऐकल्यावर काय करायचं ते तीस प्रश्नांत कुठे नव्हतं."

"मग अहवालात हेच लिहू का?" आमू रडता रडता हसली. "काय शिकलो?"

"तुला लिहायचं ते लिही. मी उद्या सरुबाईंना फोन करणार."

"आई! राधावहिनींना सांगणार तू? मी वचन दिलंय त्यांना. रेकॉर्डवर आहे ते."

"राधाला नाही. सरुबाईंना. जे त्यांनी सांगितलं ते त्यांचं आहे, ते राधाला सांगायचं की नाही ते त्या ठरवतील. पण मी ते ऐकलंय, हे त्यांना कळलं पाहिजे. आणि ऐकल्यापासून मला चैन नाही, हेही."

"आणि ऋचा मॅडम? लीस्बेट?"

"त्यांना तू लिही. आईने ऐकलं, आईने टाइप केलं, मला त्यात गैर वाटलं नव्हतं, आता कळतंय. असंच लिही, सजवू नकोस."

"जाणं रद्द होईल माझं."

"होईल कदाचित." हे म्हणताना पूर्णिमाला स्वतःचाच आवाज परका वाटला. "मला ते नको आहे. मला ते किती नको आहे, तुला माहीत आहे. पण ते राखायला मी अठरा दिवस रोज अकरा वाजता घड्याळाकडे बघत बसू शकत नाही."

 आमू उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. संतोष पेपरमागून सगळं ऐकत होता. त्याने पेपर घडी करून ठेवला आणि उठून चहा ठेवला.

शुक्रवारी सकाळी पूर्णिमा ऑफिसात लवकर पोचली. नंबर लिखाणातून काढून टाकलेला होता, पण आवाजात तो होताच. रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी सरुबाई आमूला म्हणतात, "लिहून घे पोरी, हा माहा स्वतःचा मोबाइल हाय, बटनाचा," आणि मग एकेक आकडा, पाठ केलेल्या पाढ्यासारखा. पूर्णिमाने ते दोनदा ऐकलं आणि चिठ्ठीवर उतरवलं.

दहा वाजून वीस मिनिटं झाली. राधा आता गेली असेल. तिने शेजारच्या खिडकीवरच्या मुक्ताईला सांगितलं, "दहा मिनिटं बघ गं माझं."

"घरी सगळं ठीक ना?"

"बघते," म्हणून ती जिन्याच्या वळणावर गेली. तिथे रांगेचा गलका कमी ऐकू यायचा. काय बोलायचं ते तिने रात्री जुळवलं होतं. नमस्कार, मी आम्रपालीची आई, वगैरे. ते आता सगळं खोटं वाटू लागलं. आधी विचारायचं, बाई, शेगडी पेटवली का? पेटवली नसेल तर आधी सिलिंडरचा खटका बंद करा, मग बसा, मग मी सांगते मी कोण. चिडतील. चिडू देत. कदाचित फोन आपटतील, मग पुन्हा करायचा.

हातात फोन वाजला. आमू. सकाळपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. ती काय म्हणणार होती, 'थांब' की 'कर', पूर्णिमाला सांगता आलं नसतं. घ्यावा असं फार वाटलं. घेतला असता तर आमू म्हणेल ते आपण ऐकलं असतं, हेही तिला माहीत होतं. तिने तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

मग तिने चिठ्ठी उलगडली आणि सरुबाईंचा नंबर लावला.